सहा वाजून बारा मिनिटं

कुलूपकाकांना तुम्ही रस्त्यात नुसतं ‘काय, बरं चाललंय ना?’ असं विचारलंत, तरी ते आधी मनाशी म्हणायचे, ‘याला कशाला हवंय?’ मग तोंडाने म्हणायचे, ‘चाललंय.’ त्यापुढे एक अक्षर नाही. घरातून निघताना दाराला कुलूप लावून ते तीनदा ओढून बघायचे, जिना उतरायचे आणि अर्ध्या जिन्यातून परत वर जाऊन चौथ्यांदा ओढायचे. काकू आत असल्या तरी. ‘अहो, मी घरात आहे!’ असं त्या आतून ओरडल्या की काका म्हणायचे, ‘म्हणूनच.’

अशा माणसाला शोभेल अशी नोकरी जगात एखादीच असणार, आणि ती नेमकी त्यांना मिळाली होती. जंगलाच्या कडेला प्राण्यांचा अभ्यास करणारं एक छोटंसं केंद्र होतं. दोन खोल्या, एक पत्र्याची शेड, एक कुरकुरणारी जीप. केंद्राचे तीस कॅमेरे जंगलात झाडांना बांधलेले असत. समोरून काही हललं की आपोआप फोटो काढणारे, फोटोवर तारीख-वेळ छापणारे. ते कॅमेरे शाबूत ठेवणं हे काकांचं काम. त्याआधीची पंचवीस वर्षं त्यांनी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली होती. तिथे ते खिळेसुद्धा मोजून देत आणि वाकडे निघालेले परत मागत.

जंगलात कॅमेरा ठेवणं सोपं. तो दुसऱ्या दिवशी तिथे सापडणं अवघड. कोणी तो विकायला नेतं. कोणाला आपला फोटो निघालेला नको असतो, म्हणून तो दगडाने फोडतं. कोणी उगाचच काचेला चिखल फासून जातं, काही कारण नाही, हाताला खाज. माणसं संपली की जनावरं. साळिंदर पट्टा कुरतडतं, कारण पट्ट्याला आपल्या हाताच्या घामाचं मीठ लागलेलं असतं. मुंग्या आत बिऱ्हाड करतात. अस्वल तर नवी वस्तू दिसली की आधी हुंगतं, मग चावतं.

काकांनी यातल्या प्रत्येकावर उपाय काढला होता. वेल्डरकडून त्यांनी जाड पत्र्याचे डबे करून घेतले, मागे दोन कान असलेले. त्या कानांतून बोटाएवढी जाड तार ओवून झाडाला फेरा द्यायचा आणि कुलूप ठोकायचं. डब्याला आधी चिखलाच्या रंगाचा हात, त्यावर खरी साल चिकटवायची. पायवाटेच्या बाजूला कॅमेरा असला तर माणसाच्या हाताला लागणार नाही इतका उंच बांधायचा आणि पाचर मारून खाली झुकवायचा. प्रत्येक डब्यावर एक चिठ्ठी: ‘हा कॅमेरा प्राण्यांसाठी आहे. तुमचा फोटो निघालेला आहे.’ दुसरं वाक्य काकांचं स्वतःचं. ते लिहिताना त्यांना फार बरं वाटलं होतं.

या सगळ्यात त्यांच्या जोडीला होता वाटाड्या. जंगलातली वाट न् वाट त्याच्या पायाखालची, म्हणून त्याला सगळे वाटाड्याच म्हणत. दोघांची दोस्ती सोळा वर्षांची, आणि चार वर्षांपूर्वी काकांची एकुलती एक लेक वाटाड्याच्या मुलाला दिली तेव्हापासून दोघं व्याही. त्यामुळे एक मोठीच गंमत झाली होती. लेकीच्या घरी दोघं एकमेकांना ‘अहो व्याही’, ‘बसा ना’, ‘घ्या ना’ असं करत, आणि जंगलात शिरून पहिला ओढा ओलांडला की वाटाड्या म्हणायचा, ‘कुलप्या, उचल ती पिशवी, मी काय तुझा हमाल आहे?’ काका पिशवी उचलायचे. उभ्या जगात त्यांना ‘कुलप्या’ म्हणायची मुभा त्या एकट्याला होती.

तर त्या हंगामात ओढ्याच्या बाजूचे तीन कॅमेरे एकापाठोपाठ एक गेले. आता चोरी म्हटली की तार कापलेली असते किंवा कुलूप फोडलेलं असतं. इथे तसं काहीच नाही. तार जिथल्या तिथे झाडाला लोंबतेय, कुलूप बंद, आणि डबा गायब! तीन ठिकाणी तोच प्रकार. काका तिसऱ्या झाडाखाली तासभर उकिडवे बसले. तार कापली नाही, कुलूप तोडलं नाही, म्हणजे कोणीतरी किल्लीने उघडलं, डबा काढला आणि कुलूप परत लावलं. ‘परत लावलं’ हे त्यांना जास्त लागलं. अशी शिस्त कोणाला असते? ज्याला काकांनी स्वतः शिकवली त्यालाच.

किल्ल्यांचे जुडगे दोनच होते. एक काकांच्या कमरेला. दुसरा वाटाड्याकडे.

शंकेची पाल एकदा चुकचुकली की काकांच्या घरात ती बारा महिने मुक्काम करायची. त्यांना जुन्या जुन्या गोष्टी आठवू लागल्या. वाटाड्या हल्ली कधीकधी एकटाच पहाटे जंगलात जातो, का? आणि ते तेलाचं काय? कुलपं आणि बिजागऱ्या गंजू नयेत म्हणून काका त्यांना वंगण लावत. केंद्रातलं वंगण संपलं आणि नवं काही येईना, तेव्हा त्यांनी घरून खायच्या तेलाची बाटली आणली. वाटाड्या म्हणाला होता, ‘तेल लावू नकोस रे, वास सुटतो.’ एकदा नाही, तीनदा म्हणाला होता. त्या वेळी काकांनी ‘तू गप रे’ म्हणून सोडून दिलं. आता त्यांना वाटलं, कुलपं गंजलेली याला का हवीत? गंजलेलं कुलूप सहज तुटतं म्हणून? पण कुलपं तर तुटलेलीच नाहीत. मग? काहीतरी असणार! हे ‘काहीतरी असणार’ एकदा डोक्यात बसलं की काकांची भूक जायची.

चौथा नंबर सतरा नंबरच्या कॅमेऱ्याचा लागणार, असा त्यांनी हिशेब मांडला. ओढ्याच्या बाजूला तेवढा एकच उरला होता. सोमवारी सकाळी नऊ वाजता ते कोणालाही न सांगता एकटेच गेले आणि सतरा नंबरच्या समोरच्या झाडावर, बारा फुटांवर, पानांच्या आड दुसरा कॅमेरा बांधला. कॅमेऱ्यावर कॅमेरा. स्वतःच्या अकलेवर ते इतके खूश झाले की शिडीवरच हसले.

केंद्रात एक रीत होती. कॅमेरा चालू केला की त्याच्यासमोर पाटी धरायची. पाटीवर खडूने कॅमेऱ्याचा नंबर, तारीख आणि आपल्या हातातल्या घड्याळाची वेळ. पहिला फोटो पाटीचा. म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लागलं असेल तर तिथेच कळतं. वाटाड्या या पाटीच्या बाबतीत इतका कडक होता की भर पावसातही ती शर्टाच्या आत धरून नेई. पण हा तर गुपचूप कारभार! पाटी केंद्रात, ती घ्यायला गेलं तर वाटाड्या विचारणार, कुठे निघालास? शिवाय पाटी दाखवायची कोणाला? काकांनी नव्या बॅटऱ्या घातल्या, तारीख लावली, नऊ वाजले लावले, दोन-तीन बटणं दाबली आणि खाली उतरले.

मंगळवारी दुपारी ते सतरा नंबर बघून आले. डबा जागेवर होता. बिजागरी मात्र कोरडी ठणठणीत. ‘परवाच तर लावलं होतं,’ असं पुटपुटत त्यांनी तिला पुन्हा तेलाचा हात दिला, जरा सढळच. बुधवारी सकाळी गेले तर तार लोंबतेय, कुलूप बंद, डबा नाही.

काका शिडी लावून वर चढले. लपवलेल्या कॅमेऱ्यातलं फोटोंचं कार्ड काढलं आणि तिथेच झाडाखाली बसून, खिशातल्या यंत्रात ते घालून त्याच्या छोट्या पडद्यावर फोटो बघू लागले. हरीण. हरीण. एक रानडुक्कर, त्याची पिल्लं. नुसतंच हललेलं गवत. आणि मग वाटाड्या. करड्या उजेडात सतरा नंबरपाशी उभा, एक हात डब्यावर, दुसऱ्या हातात फडक्यासारखं काहीतरी, आणि मान वळवून मागे बघणारा. खाली छापलेलं: मंगळवार, संध्याकाळचे सहा वाजून बारा मिनिटं.

दुपारी डबा होता. संध्याकाळी हा तिथे. सकाळी डबा नाही. आणखी काय हवं? त्यांनी पडदा बंद केला. पुढे अजून चाळीसेक फोटो होते, ते त्यांनी बघितले नाहीत. त्यांना रडू येत होतं आणि त्याच वेळी आतून कोणीतरी ‘बघ, मी म्हणत नव्हतो?’ असं म्हणत होतं. खरं सांगायचं तर त्या दुसऱ्या आवाजाचं त्यांना जास्त बरं वाटलं.

केंद्र चालवणाऱ्या बाई शांत स्वभावाच्या. काकांनी त्या एका फोटोची छापील प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली. बाईंनी ती बराच वेळ बघितली आणि विचारलं, ‘काका, कार्डावरचे सगळे फोटो बघितलेत ना?’

‘बघितले,’ काका म्हणाले.

वाटाड्याला बोलावलं. त्याने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाला, ‘हो, मीच आहे. पण हे सकाळचं आहे.’

‘वेळ वाच,’ काका म्हणाले.

‘वेळ काय वाचू? मी गेलो होतो सकाळी. तेल पुसायला.’

‘तेल पुसायला! ऐका बाई, ऐका!’

‘अरे, तू लावतोस ते मी पुसतो. तुला सांगितलं तर तू भांडतोस, म्हणून पहाटे जाऊन पुसतो. महिना झाला. सगळीकडे जमत नाही.’ वाटाड्या बाईंकडे वळला. ‘आणि मंगळवारी संध्याकाळी मी घरी होतो. सूनबाई होती ना घरात, तिला विचारा.’ मग काकांकडे बघून म्हणाला, ‘तुझ्याच लेकीला विचार की.’

काकांनी तिथल्या तिथे लेकीला फोन लावला. कुठलाही बाप आधी ‘कशी आहेस’ म्हणतो. काकांनी विचारलं, ‘मंगळवारी संध्याकाळी तुझे सासरे कुठे होते?’

‘घरी. का हो बाबा?’ लेक म्हणाली. ‘मोरीचा नळ गळत होता, तो बदलत होतो आम्ही. ते पान्याने आवळत होते आणि मी खाली बादली धरून. साडेपाचला सुरू केलं ते सात वाजवले. मी नखशिखांत भिजले. का, काय झालं?’

एवढं सगळं तिने सांगितलं. नळ, पाना, बादली. आणि काका म्हणाले, ‘तू आता त्या घरची. तू असंच म्हणणार.’

फोन चालू होता. मागे भांडं विसळल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग फोन बंद झाला.

वाटाड्याने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. ‘माझं सोडा,’ तो म्हणाला. ‘पण पोरीला असं बोलायला नको होतं तुम्ही.’ जंगलाच्या कामात, त्या खोलीत, सोळा वर्षांत पहिल्यांदा तो काकांना ‘तुम्ही’ म्हणाला होता. काकांना ते कळलं. त्यांनी मनात त्याचाही अर्थ लावून टाकला: पकडला गेला की माणूस आदराने बोलतो.

बाई काय करणार? फोटो समोर होता. वाटाड्याचं काम गेलं. त्याला चोर असं कोणी तोंडावर म्हटलं नाही, पण छोट्या गावात म्हणावं लागत नाही. लाकडाच्या वखारीत त्याने पहाऱ्याचं काम विचारलं तर मालक म्हणाला, बघू. लेकीचं माहेरी येणं थांबलं. काकूंनी फोन केला की ती बोलायची, आणि काकांनी हात पुढे केला की ‘दूध उतू जातंय’ म्हणून ठेवून द्यायची. ‘दिवसातून किती वेळा दूध तापवते ही?’ काकूंनी नवऱ्याला विचारलं. ‘एक आपली पोर, आणि तिच्या सासऱ्याला तुम्ही चोर ठरवून आलात. उद्या त्या घरात तिने कुठल्या तोंडाने वावरायचं?’ काका म्हणाले, ‘मी ठरवलं नाही, कॅमेऱ्याने ठरवलं.’ पण त्या आठवड्यात त्यांची दोन जेवणं तशीच राहिली.

पंधरा दिवसांनी वरच्या बाजूचा एक डबा गेला. तार लोंबतेय, कुलूप बंद. दुसऱ्या कोणाला यातून वेगळं काही सुचलं असतं. काकांना सुचलं की यानं जुडगा देण्याआधी डुप्लिकेट किल्ल्या करून ठेवल्या!

हंगाम संपला. सगळी कार्डं एकत्र करून कोणता प्राणी किती वेळा दिसला त्याची यादी करायची असते. बाई म्हणाल्या, ‘तुमच्या कपाटातलं ते कार्डही द्या काका. पुरावा असला तरी त्यावर हरणं आहेत.’ काकांनी कपाटाचं कुलूप काढलं, आतल्या डब्याचं कुलूप काढलं आणि म्हणाले, मीच यादी करतो. वेळ सकाळी अकराची, खिडकी उघडी, बाहेर शेडमध्ये कोणीतरी जीपचं टायर बदलत होतं.

हरीण. हरीण. रानडुक्कर. गवत. वाटाड्या. तिथे काका पुन्हा थोडे थांबले. मग त्यांनी पुढचा फोटो उघडला.

पुढच्या फोटोत ते स्वतः होते. सतरा नंबरपाशी, हातात तेलाची बाटली. लख्ख ऊन. झाडाच्या पानापानावर ऊन, काकांच्या टकलावर ऊन, आणि सावली बिचारी इतकी आखडलेली की पायांखाली सापडलेली. खाली छापलेलं: बुधवार, रात्रीचे बारा वाजून वीस मिनिटं.

काकांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. रात्री बारा वाजता ऊन? आपण रात्री कशाला जाऊ? आपण गेलो होतो मंगळवारी दुपारी... आणि मग त्यांना सोमवारची शिडी दिसली. नऊ वाजले लावले. सकाळचे की रात्रीचे, ते बघितलंच नाही. दोन-तीन बटणं दाबली आणि उतरलो. पाटी धरली असती तर पहिल्याच फोटोत कळलं असतं: पाटीवर सकाळचे नऊ, कॅमेऱ्यात रात्रीचे नऊ. अख्खं घड्याळ बारा तास पुढे होतं. संध्याकाळचे सहा बारा म्हणजे सकाळचे सहा बारा. त्या करड्या उजेडात सकाळ काय, संध्याकाळ काय, सारखीच. वाटाड्या सकाळी आला होता, तेल पुसून गेला होता, आणि दुपारी काकांनी ते परत लावलं होतं. सढळ हाताने.

त्यांनी पुढचा फोटो उघडला. खाली छापलेली बुधवारची सकाळ, म्हणजे खरी मंगळवारची संध्याकाळ. मागच्या दोन पायांवर उभं एक भलंमोठं अस्वल, बिजागरी चाटणारं. त्यापुढच्या फोटोत त्याने डबा कवेत घेतला होता. त्यापुढे पत्र्याचे कान फाटलेले, तार त्यांतून निसटून झाडालाच राहिलेली. शेवटच्या फोटोत अस्वलाची पाठ, आणि काखेत डबा. कुलूप अर्थातच बंद. त्याला कोणी हातच लावला नव्हता.

‘बाई,’ काकांनी हाक मारली. ‘मी तुम्हाला सगळे फोटो बघितले म्हणालो होतो. ते खोटं होतं.’

बाईंनी सगळे फोटो उभ्याउभ्याच बघितले. त्या ओरडल्या असत्या तर काकांना हलकं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘त्यांची जागा मी भरलेली नाही. पण हे सांगायला मी जाणार नाही. तुम्ही जा.’

काका त्याच दुपारी गेले. वाटाड्या अंगणात एका मोडक्या खुर्चीचा पाय बसवत होता. लेक दोरीवरचे कपडे काढत होती. बापाला बघून तिचे हात थांबले आणि परत चालू लागले. काकांनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, उभ्यानेच, काहीही न लपवता. नऊचं, पाटीचं, दुपारच्या उन्हाचं, तेलाचं. ‘माझं चुकलं,’ ते म्हणाले. ‘पाया पडायला सांगितलंस तर पडतो.’

वाटाड्या हातोडी धरून तसाच बसला होता. त्याचा चेहरा आधी लाल झाला. काकांना वाटलं, आता ही हातोडी आपल्या डोक्यात. आणि तो एकदम हसायलाच लागला. खुर्चीचा पाय हातातून सुटला. ‘अस्वलाला तेल लावून जेवायला वाढलंस! वर चिठ्ठी, तुमचा फोटो निघालेला आहे!’ त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं; ते सगळंच हसण्याचं नव्हतं. मग नाक पुसून तो म्हणाला, ‘गाढव आहेस तू. सोमवारी येतो. पण तेलाची बाटली दिसली तर तुझ्याच डोक्यावर ओतीन.’

काकांच्या छातीवरचा दगड उतरला. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांनी पोटभर श्वास घेतला. मिटलं! सोळा वर्षांची दोस्ती वाचली, व्याह्याचं काम वाचलं, पोरीच्या घरातला काटा निघाला. ते लेकीकडे वळले. ‘चल, चार दिवस राहायला येतेस का? आई वाट बघतेय. आता काय, सगळं मिटलंच.’

लेकीने हातातल्या कपड्यांची घडी घातली. ती बापासारखीच, राग आला की आवाज खाली नेणारी.

‘मामंजींना तुम्ही चोर म्हणालात, ते घड्याळ चुकलं म्हणून,’ ती म्हणाली. ‘मला खोटारडी म्हणालात, तेव्हा कुठलं घड्याळ चुकलं होतं, बाबा?’

वाटाड्या खाली मान घालून खुर्चीचा पाय शोधू लागला. लेक कपडे घेऊन आत गेली, आणि काका दोरीपाशी उभेच राहिले.